कळलावीचा कंद आणि गाऊटची गोळी: खानापूर-बेळगावकडच्यांसाठी

मलप्रभा_काठ

पावसाळा सुरू झाला की जांबोटी, कणकुंबी, नंदगडच्या बाजूला कुंपणाकुंपणावर कळलावी चढते. कोणी वाघनखी म्हणतं, कोणी खड्यानाग, कन्नड शेजारी अग्निशिखा किंवा गौरी हूवू म्हणतात. गौरी-गणपतीला फुलं बाजारातही येतात.

सध्या व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय. गाऊटवरची (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारी सांधेदुखी) ‘महागडी इंग्रजी गोळी’ याच कंदातून काढतात, मग गोळी कशाला, कंदाचा तुकडा दुधात उकळून घ्या, युरिक ॲसिड साफ होतं. काही गावांत लोक खरोखर कंद खणूलालेत. जाणकारांनी खुलासा करावा: गोळीतलं औषध आणि कंदातलं विष एकच का? एकच असेल तर कंद का चालत नाही? चुकून पोटात गेलं तर काय करायचं? आणि करांदे (रानातले खायचे कंद) खणताना हा कंद वेगळा ओळखायचा कसा?

औषधवाला

एकच आहे. कोल्चिसीन. म्हणूनच असा निरोप लोकांना पटतो. अर्धा भाग खरा असतो.

हे अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारं तीव्र द्रव्य, प्रथम वेगळं काढलं ते युरोपातल्या कोल्चिकम या कंदवर्गीय झाडातून, १८२० साली, फ्रान्समधल्या पेलेतिए आणि काव्हाँतू या जोडीने. हेच दोघे क्विनीनवालेही. कोल्चिकमचा कंद सांधेदुखीवर वापरायची चाल त्याच्याही किती तरी आधीची, सहाव्या शतकातल्या ग्रीक वैद्यकापर्यंत मागे जाते. आपली कळलावी, म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा, त्याच कुळातली. हिच्या कंदात आणि बियांत तेच द्रव्य आहे, बियांत जास्त.

आता निरोपातल्या चुका. पहिली: कोल्चिसीन युरिक ॲसिड कमी करत नाही. एका मिलिग्रॅमनेही नाही. ते फक्त सांध्यातली आग विझवतं. युरिक ॲसिड उतरवणारी औषधं वेगळी, ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट. दुसरी: गोळी महाग नाही. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी आपल्याकडे काही रुपयांत मिळते. अमेरिकेत २००९ नंतर एका कंपनीला एकाधिकार मिळाल्यावर तिथे ती नऊ-दहा सेंटवरून पाच डॉलरच्या घरात गेली होती, ‘महाग’ ही अफवा तिथलीच इकडे आलेली दिसते. तिसरी चूक सगळ्यात वाईट: उकळल्याने कोल्चिसीन मरत नाही. ते उष्णतेला टिकतं आणि पाण्यात सहज विरघळतं. म्हणजे दुधात उकळला की कंदातला विषाचा भाग दुधात उतरतो, आणि माणूस तेच दूध पितो.

कंद का चालत नाही याचं उत्तर वजनात आहे. गोळीत ०.५ मिलिग्रॅम म्हणजे ०.५ मिलिग्रॅमच. वाळलेल्या कंदात कोल्चिसीन साधारण ०.१ ते ०.३ टक्के सापडतं, पण ते जमीन, कंदाचं वय आणि खणायचा महिना यांवर हलतं. एकाच वेलाच्या दोन कंदांतही सारखं नसतं. दोन-तीन ग्रॅमच्या एका वाळक्या चकतीत एकापेक्षा जास्त दिवसांचं औषध असू शकतं आणि ते किती, हे जिभेला कळत नाही. या औषधात गुणाची मात्रा आणि घाताची मात्रा फार जवळ आहेत.

हत्तरगी_शिवार

होय की ओ, पण म्हाताऱ्या माणसांनी वापरलंय म्हणतात त्याचं काय?

वैद्य_टिळकवाडी

हत्तरगीकर दादा, वापरलंय, पण बहुतेक बाहेरून. फरक तिथेच आहे.

ग्रंथांत ही ‘लांगली’ किंवा ‘कलिहारी’. उपविषांच्या गणात रुई, निवडुंग, धोत्रा, गुंज, कण्हेर यांच्या पंगतीत बसवलेली. कच्चा कंद पोटात द्यावा असं कोणताही शहाणा वैद्य सांगत नाही. शोधन, म्हणजे विष उतरवणं, करायचं तर कंदाच्या चकत्या एक अहोरात्र गोमूत्रात बुडवून, गरम पाण्याने धुऊन, वाळवून. याने विष उतरतं, निघून जात नाही. शिवाय किती उतरलं हे मोजायचं साधन घरी नसतं. लेप म्हणून वापर होता, तोही फुटलेल्या कातडीवर नाही. ओला कंद ठेचताना हाताला आग होणं, पुरळ येणं हे नेहमीचं.

आणखी एक धोकादायक चाल म्हणजे बाळंतपणात कळा याव्यात म्हणून कंद वापरणं. लेप बेंबीवर आणि तळपायांवर असं जुन्या पुस्तकांत आहे, पण गावठी वापरात तो कधी पोटात, कधी योनिमार्गात जातो. हिचं एक जुनं नावच ‘गर्भपातिनी’. यात आई आणि मूल दोन्ही जाण्याची भीती आहे. पोरीबाळींपर्यंत हे पोचवा.

कायद्याचंही सांगतो. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं नियम १९४५ मध्ये ‘ई-१’ नावाची अनुसूची आहे, विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची. लांगली तीत आहे. असं द्रव्य असलेल्या तयार औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना छापणं बंधनकारक. बाजारात बिनलेबलाच्या पुडीत कोणी ‘वातावरची मुळी’ देत असेल तर घेऊ नका.

ओपीडी_चार

गोळीबद्दल मी लिहितो. खालचं वाचून दुकानातून परस्पर गोळी आणू नका. डॉक्टरांनी चिठ्ठीत काय आणि का लिहिलंय ते समजावं, एवढ्यासाठीच आहे.

गाऊटचा झटका: रात्रीतून अंगठ्याचा सांधा लाल, गरम, पांघरूणही सोसत नाही. कोल्चिसीनचा उपयोग पहिल्या १२ तासांत सगळ्यात चांगला. २४ ते ३६ तास उलटले की गुण कमी. सध्याची पद्धत: लगेच १ मिलिग्रॅम, तासाभराने ०.५ मिलिग्रॅम, आणि त्या दिवशी बास. दुसऱ्या दिवसापासून ०.५ मिलिग्रॅम एकदा किंवा दोनदा, झटका उतरेपर्यंत.

जुनी पद्धत अजून काही चिठ्ठ्यांत दिसते: ‘दर तासाला एक गोळी, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत’. ती सोडून द्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एकूण १.८ मिलिग्रॅम आणि ४.८ मिलिग्रॅम यांची तुलना झाली. गुण जवळपास सारखा, ३८ आणि ३३ टक्के रुग्णांना, नुसत्या बिनऔषधी गोळीवर १६ टक्क्यांना. जुलाब मात्र कमी मात्रेत २३ टक्के, जास्त मात्रेत ७७ टक्के. जुलाब हा ‘मात्रा लागू पडली’ याचा इशारा नाही, तो विषबाधेचा पहिला इशारा आहे.

दुसरा वापर: युरिक ॲसिड उतरवायचं औषध सुरू करताना पहिले काही महिने झटके उलट वाढतात, कारण सांध्यात साचलेले खडे विरघळू लागतात. ॲलोप्युरिनॉल म्हणूनच १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीवर सुरू करून हळूहळू चढवतात, युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत. त्या काळात ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसीन रोज, तीन ते सहा महिने. लोक काय करतात, पहिल्या झटक्याला घाबरून ॲलोप्युरिनॉल बंद करतात आणि कोल्चिसीन वर्षानुवर्षं चालू ठेवतात. नेमकं उलटं.

चिकोडी_एक्सप्रेस

डॉक्टरसाहेब, किडनीचा त्रास असलेल्यांनी काय करावं? आणि बरोबर कुठली औषधं चालत नाहीत?

ओपीडी_चार

किडनीच्या रुग्णात धोका खूप वाढतो. औषध शरीरात साचतं. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर आम्ही बहुतेक वेळा कोल्चिसीन टाळतो. झटक्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० ते ३५ मिलिग्रॅम रोज, तीन ते पाच दिवस, आणि मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर तपासत राहायचं. डायलिसिसने कोल्चिसीन निघत नाही. ते रक्तात थोडं आणि पेशींत फार असतं, यंत्राला ते सापडत नाही.

औषधांचं सांगायचं तर कोल्चिसीन शरीराबाहेर काढणारे दोन दरवाजे आहेत: यकृतातलं सीवायपी-३ए४ हे विकर आणि पेशीबाहेर फेकणारा पी-ग्लायकोप्रोटीन पंप. हे दरवाजे बंद करणारं औषध सोबत आलं की नेहमीची एक गोळी तीन-चार गोळ्यांचं काम करते. सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचं नाव क्लॅरिथ्रोमायसीन. खोकला, सायनस, आम्लपित्तावरच्या जंतूच्या उपचारात सर्रास दिलं जातं, आणि या जोडीने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. याच्यापुढे इट्राकोनॅझोल, कीटोकोनॅझोल, रिटोनाव्हिर, सायक्लोस्पोरिन, आणि रक्तदाबावरचं व्हेरापामिल, डिल्टियाझेम. ॲझिथ्रोमायसीन त्या मानाने बरं. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर मांड्या-दंड दुखतायत का, जिना चढताना पाय उचलत नाहीत का, हे बघायचं. स्नायूंची इजा होते, विशेषतः किडनी अधू असताना.

गाऊटचा डॉक्टर एक, छातीचा डॉक्टर दुसरा, दात तिसऱ्याकडे, असं असतं तिथे हे घडतं. गोळ्यांची पट्टी खिशात घेऊन जा आणि दाखवा.

औषधवाला

यात भर. कंबर-मान आखडली की ज्या गोळ्या धडाधड खपतात त्यांत ‘थायोकोल्चिकोसाइड’ असतं, बहुतेक असेक्लोफेनॅकबरोबर. हे कोल्चिसीनचंच नातलग, यालाही कच्चा माल म्हणून कळलावीच्या बिया लागतात. काम वेगळं, स्नायू सैल करणं. पण युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यावर बंधनं घातली: तोंडाने दर १२ तासांनी ८ मिलिग्रॅमपर्यंत, सात दिवसांपेक्षा जास्त नाही, १६ वर्षांखाली नाही, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नाही. कारण त्याचा एक उपपदार्थ पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी बिघडवू शकतो. आपल्याकडे ही गोळी महिना-महिना घेणारे लोक आहेत. ऊसतोड, विटा, हमाली करणाऱ्यांत तर फार.

करवंदीची_जाळी

आता ओळख. इथे फोटोपेक्षा हाताने तपासायच्या खुणा उपयोगाच्या.

वेल हिरवा असताना चूक व्हायची गरजच नाही. कळलावीचं पान लांबट, देठाविना, आणि पानाचं टोक बारीक होत जाऊन स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. त्याच टोकाने ती आधार पकडते. खोड वेढे घेत नाही. करांद्याचं पान बदामी, लांब देठाचं, देठाच्या बुंध्यापासून कमानीसारख्या शिरा निघतात, आणि खोडच आधाराभोवती वेढे घालत चढतं. करांद्याला पानांच्या बेचक्यांत हवेत लटकणारे गड्डे धरतात, कळलावीला कधीच नाही. फूल आलं तर प्रश्नच मिटला: सहा पाकळ्या, कडा लहरी, मागे वळून वर गेलेल्या, खाली पिवळ्या-हिरव्या आणि टोकाकडे लाल होत जाणाऱ्या. स्त्रीकेसराची दांडी काटकोनात बाजूला वळलेली.

चूक होते ती दिवाळीनंतर. दोन्ही वेल सुकून जमिनीवर काही राहत नाही आणि लोक खूण धरून खणतात. तेव्हा कंदच बघावा लागतो. कळलावीचा कंद बोटाएवढा जाड, गुळगुळीत तपकिरी, आणि दोन फाट्यांचा, नांगराच्या फाळासारखा कोनात वळलेला. दोन्ही टोकं निमुळती. कापला की आत पांढरा. करांद्याचा गड्डा गोल किंवा ओबडधोबड, अंगभर मुळांचे केस किंवा फोड. कणगर या दुसऱ्या खायच्या कंदाचे गड्डे लांबोडे पण झुपक्याने, कोनात फुटलेले नाहीत.

एका खुणेवर अजिबात विसंबू नका: चव. ‘कडू आहे म्हणजे करांदा, राखेच्या पाण्यात उकळला की उतरेल’ हा आपल्याकडचा हिशोब. करांद्याचा कडवटपणा उकळून, पाणी बदलून खरंच जातो. कोल्चिसीनही कडूच असतं, आणि करांद्याबरोबर एखादा कळलावीचा तुकडा त्याच पातेल्यात गेला तर पाणी ओतून दिल्यावर थोडं विष जातं, उरलेलं पानात येतं. खणताना तुटलेले तुकडे पिशवीत टाकायचेच नाहीत. आख्खा कंद, आकार दिसेल असा, तरच घ्या.

आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत काहीही खणणं गुन्हा आहे, कळलावी असो वा करांदा.

अतिदक्षता

मूळ प्रश्नातला सर्वात महत्त्वाचा भाग राहिला, म्हणून सविस्तर लिहितो.

कोल्चिसीनच्या विषबाधेत फसवणारी गोष्ट वेळ आहे. खाल्ल्यावर २ ते १२ तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग ओकाऱ्या, पोटात पिळवटून येणं, आणि पाण्यासारखे सतत जुलाब. पावसाळ्यात असा रुग्ण आला की पहिलं निदान ‘बाहेरचं खाणं’ किंवा हगवण. सलाईन लागतं, दुसऱ्या दिवशी जुलाब कमी होतात, माणूस घरी जातो. खरा घात त्याच्या नंतर असतो.

पहिला दिवस: पोट. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, म्हणून जंतुसंसर्ग वाटतो आणि अँटिबायोटिक सुरू होतं. दुसऱ्या ते सातव्या दिवसात एकेक अवयव बसू लागतो: रक्तदाब घसरतो, हृदयाची लय बिघडते, श्वास, किडनी, रक्त गोठण्याची क्रिया, स्नायू. हृदय अचानक बंद पडण्याचा धोका साधारण २४ ते ७२ तासांत जास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अस्थिमज्जा थंडावते आणि पांढऱ्या पेशी, प्लेटलेट कोसळतात. पाय लुळे पडून वर चढणारी कमजोरी दिसली की गिलियन-बारे या नसांच्या आजाराचा संशय घेतला जातो. जो हा आठवडा काढतो त्याच्या पेशी पुन्हा वाढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस झुपक्याने गळतात. केस परत येतात. अनेकदा निदान केस गळायला लागल्यावरच होतं, म्हणजे सगळं झाल्यावर.

हे का होतं? कोल्चिसीन पेशीच्या आतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. ट्युब्युलिनच्या कड्या जोडून पेशीत सूक्ष्म नळ्या बनतात. त्या बनल्या नाहीत तर पेशी दुभंगू शकत नाही आणि पांढरी पेशी सरपटत सुजेच्या जागी पोचू शकत नाही. गाऊटमध्ये उपयोग होतो तो याच दुसऱ्या परिणामाचा. मात्रा वाढली की जिथे पेशी सारख्या दुभंगत असतात ती ठिकाणं आधी मार खातात: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं. लक्षणांचा क्रम यातून आपोआप उलगडतो.

घरी काय करायचं: मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. किती वाजता, काय, किती खाल्लं ते लिहून घ्या. उरलेला कंद किंवा वेल पिशवीत घालून सोबत आणा. ज्या-ज्या माणसांनी त्या पातेल्यातलं खाल्लं त्या सगळ्यांना आणा, लक्षण नसलं तरी. १०८ बोलवा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, तिथे डॉक्टरही विचारू शकतात. तालुक्याच्या दवाखान्यात पहिला उपचार करून थेट अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी हलवायचं.

दवाखान्यातल्या मित्रांसाठी: सक्रिय कोळसा किलोमागे १ ग्रॅम, रुग्ण शुद्धीत असेल आणि श्वासमार्ग सुरक्षित असेल तर. उशिरा आला म्हणून टाळू नका. कोल्चिसीन पित्तातून पुन्हा आतड्यात येतं, म्हणून दर चार तासांनी परत देण्याला अर्थ आहे. ओकारीवर ऑन्डान्सेट्रॉन, पण आधी ईसीजीवरचा क्यूटी बघून. जुलाब थांबवायच्या गोळ्या नकोत. द्रव भरपूर. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन, सीपीके, ट्रोपोनिन, पीटी-आयएनआर, आणि संपूर्ण रक्तगणना दर बारा तासांनी. पेशी कोसळल्या तर फिलग्रास्टिम ५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो रोज. उतारा बाजारात नाही. कोल्चिसीनविरोधी प्रतिपिंडांचे तुकडे फ्रान्समध्ये एका रुग्णावर यशस्वी झाल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं, पण ते औषध म्हणून उपलब्ध नाही.

आणि ज्याला कंद खाल्ल्याचा इतिहास आणि जुलाब दोन्ही आहेत, त्याला दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही.

मलप्रभा_काठ

अतिदक्षता सर, फार उपयोगी. धोत्र्याशी गोंधळ होतो का?

अतिदक्षता

रुग्ण बघितल्यावर नाही. धोत्र्यात तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, कातडी गरम-लाल, बडबड आणि भास, तेही तासाभरात. कळलावीत माणूस शुद्धीत असतो, उशिरा ओकतो आणि त्याचं पोट वाहतं.

संपादक

दोन सूचना. मारक मात्रेचे आकडे दोन प्रतिसादांत आले होते, ते काढले आहेत. या धाग्याला त्यांची गरज नाही. आणि निपाणीच्या तंबाखूतल्या निकोटिनवर ज्यांना लिहायचं आहे त्यांनी वेगळा धागा काढावा, विषय मोठा आहे.

जोडगुणसूत्र

अवांतर आहे पण विषाचा सर्वात शांत वापर हाच. पेशी दुभंगताना नळ्या बनल्या नाहीत तर गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी एकच राहते. १९३७ मध्ये ब्लेकस्ली यांनी हे वनस्पतींत दाखवलं आणि पीक-सुधारकांच्या हाती एक हत्यार आलं. बिनबियांचं कलिंगड यातूनच: नेहमीच्या कलिंगडात २२ गुणसूत्रं, कोल्चिसीनने ४४ करायची, ती मादी आणि २२ चा नर यांचा संकर केला की ३३ ची पिढी, जिला धड बी धरता येत नाही. हे काम जपानच्या हितोशी किहारा यांचं. माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत हे १९५६ मध्ये त्यियो आणि लेव्हान यांनी ठरवलं, तेही पेशी दुभंगायच्या अवस्थेत कोल्चिसीनने अडवून धरूनच.

प्रयोगशाळेत बी ०.०५ ते ०.२ टक्के द्रावणात ६ ते २४ तास, मग वाहत्या पाण्याने चांगलं धुवायचं. जास्त वेळ ठेवलं तर मूळ गाठीसारखं फुगतं आणि रोप मरतं, ही नेहमीची चूक. दुप्पट झालं की नाही हे आधी पानाच्या रंध्रांवरून बघतात, रक्षकपेशी मोठ्या दिसतात. द्रावण गडद बाटलीत, कारण उजेडात ते बिघडतं. पूड तोलताना हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या झोतात नाही. उरलेलं मोरीत ओतायचं नाही.

हत्तरगी_शिवार

तामिळनाडूत लागवड करतात म्हणे. आमच्याकडं तांबडी जमीन आहे, करावी का?

करवंदीची_जाळी

दादा, तिकडे दिंडीगल, करूर, तिरुपूरकडे खरंच शेतं आहेत. ती त्यांची राज्यफूलही आहे. विकतात बी. पण तीन गोष्टी बघा.

एक, बेणं. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. वाहतुकीत टोक मोडलं की तो फाटा उगवत नाही. ५०-६० ग्रॅमचा धडधाकट कंद लागतो आणि ते बेणं स्वस्त नसतं. दोन, परागण. काटकोनात वळलेल्या दांडीमुळे आपोआप फळ कमी धरतं, तिथे सकाळी मजूर लावून फूल-फूल हाताने परागकण लावतात. भर पावसात ते धुऊन जातात. खानापूर-कणकुंबीकडे म्हणूनच नको. पाणी साचलं की कंद कुजतोच. हुक्केरी, संकेश्वरच्या निचऱ्याच्या तांबड्या मातीत जमू शकेल. वेलीला मांडव किंवा तारा, आणि पानं खाणाऱ्या अळीवर पहारा. तीन, विक्री. लागवडीआधी खरेदीदार लेखी ठरलेला नसेल तर करू नका. बियांचा भाव वर्षाला वर खाली होतो आणि गावच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. गुरं सुटी सोडत असाल तर कुंपण घाला, ती खाल्ली तर जनावरंही मरतात.

माहितीसाठी बेळगावातच आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, औषधी वनस्पतींवर तिथे काम चालतं. आधी तिथे विचारा.

चिकोडी_एक्सप्रेस

हृदयासाठीही ही गोळी देतात असं वाचलं. खरं का?

ओपीडी_चार

खरं, पण मर्यादेत. हृदयावरच्या आवरणाला सूज आली तर ती चांगली चालते. ०.५ मिलिग्रॅम दोनदा, ७० किलोच्या खाली वजन असेल तर एकदाच, पहिल्यांदा झालं असेल तर तीन महिने, पुन्हा-पुन्हा होत असेल तर सहा. इथे झटका परत येण्याचं प्रमाण कमी होतं हे नीट सिद्ध आहे. भूमध्य समुद्राकडच्या आनुवंशिक तापात १९७२ पासून वापर आहे, किडनीवर साचणारं ॲमिलॉइड हे प्रथिनही त्याने रोखलं जातं.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोज ०.५ मिलिग्रॅम, हा भाग वादाचा. २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला, अमेरिकेने २०२३ मध्ये त्या मात्रेला परवानगी दिली. मग २०२४ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. माझ्या मते सगळ्यांना सरसकट द्यायची ही गोळी नाही. किडनी ठीक असलेल्या, औषधांची गर्दी नसलेल्या निवडक रुग्णांत हृदयरोगतज्ज्ञाने ठरवावं. कोविडमध्ये मोठ्या चाचणीत तिचा उपयोग झाला नाही, ते प्रकरण २०२१ मध्येच मिटलं.

मलप्रभा_काठ

एक शेवटचं. गणपतीत आरास करताना फुलं, वेल घरात असतात. लहान मुलं हात लावतात.

करवंदीची_जाळी

ताई, फूल हाताळल्याने विष चढत नाही. आरास झाल्यावर हात धुवायचे, एवढं पुरे. पण वेल मुळासकट उपटून आणू नका, कात्रीने वरचाच भाग कापा, कंद घरात येताच कामा नये. शेंगा तडकल्या की आत लाल-नारिंगी दाणे दिसतात, मुलांना त्यांचं आकर्षण फार. त्या शेंगा आधीच खुडून खोल खड्ड्यात पुरा. शेणखताच्या उकिरड्यावर टाकल्या तर पुढच्या मृगाला तिथेच वेल उगवतो.